वाचकांचे प्रश्न : पॅरालिसिसनंतर वजन उतरवायचंय, मोबाईलमधलं ॲप लावू का?

गेल्या अंकात स्ट्रोकनंतरच्या, म्हणजे पॅरालिसिसच्या झटक्यानंतरच्या, जेवणाबद्दल लिहिलं होतं, त्यावर जे मेसेज आले त्यातले निम्मे तरी ॲपबद्दलच आहेत. कुणाच्या मुलाने ॲप टाकून दिलंय, कुणाला जावयाने घड्याळ आणून दिलंय आणि आता त्या आकड्यांचं करायचं काय ते घरात कुणालाच कळत नाहीये. म्हणून या वेळी तेवढेच प्रश्न घेतलेत, नावं छापत नाहीये. मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे जिथे गोळ्यांचा विषय येईल तिथे तुम्हाला तुमच्या डॉक्टरांकडेच पाठवणार, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना (आम्ही अण्णा म्हणतो) सात महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, डावी बाजू गेली होती, आता काठी घेऊन घरातल्या घरात फिरतात. वय ६१, उंची ५ फूट ५ इंच, वजन ८४ किलो. डॉक्टर म्हणाले वजन कमी करा. माझ्या मिस्टरांनी कॅलरीचं ॲप टाकलं, त्यात दर आठवड्याला १ किलोचं टार्गेट आलं आणि रोज फक्त १२०० कॅलरी. अण्णा अर्धपोटी राहतात आणि दिवसभर चिडचिड करतात. चालू ठेवू की काढून टाकू? — एक सूनबाई, सांगली

उत्तर : ताई, ॲप राहू द्या, टार्गेट तेवढं काढून टाका, आजच.

डॉक्टरांचं बरोबरच आहे. अण्णांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३१ च्या जवळ येतो, आपल्याकडे २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. वजन थोडं उतरलं की बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तिन्ही खाली यायला मदत होते आणि पुन्हा झटका येऊ नये म्हणून आपल्याला तेच हवंय, शिवाय चालताना गुडघ्यावरचा भारही कमी होतो. पण ॲपला माहिती काय, तर वय, उंची, वजन. डावी बाजू अजून अशक्त आहे, गोळ्या चालू आहेत, माणूस दिवसातले बरेच तास खुर्चीत बसतो हे त्याला कोण सांगणार? १ किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, म्हणजे आठवड्याला १ किलो उतरवायचं तर रोज ११०० कॅलरींची तूट हवी. काठी धरून घरात फिरणाऱ्या माणसाचा मुळात रोजचा खर्चच कमी असतो, त्यातून एवढी तूट काढली की शरीर चरबीसोबत स्नायू खायला लागतं, आणि फिजिओ सात महिने ज्या पायात ताकद आणतोय त्याच पायाची ताकद आपण जेवण तोडून घालवतो. म्हणून पहिलं टार्गेट वजनाच्या ५ टक्के ठेवा, म्हणजे अण्णांचे ४ किलो, तेही चार महिन्यांत, घाई अजिबात नको. ॲपमध्ये हालचालीची पातळी विचारतात तिथे सगळ्यात खालची, बैठी वाली निवडा. व्यायाम भरला की ॲप म्हणतं आता अजून २०० कॅलरी खाऊ शकता, ते मनावर घेऊ नका.

अण्णांना डायबेटिस आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीत. असेल आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना फोन करा, कारण गोळी तेवढीच आणि जेवण निम्मं झालं की शुगर खाली जाते. घाम, थरथर, कधी जीभ जड होणं, गोंधळणं, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं दुसरा झटकाच आला. शुगरचं मशीन घरात असेल तर अशा वेळी लगेच तपासा, पण तपासत बसून दवाखाना लांबवू नका. तोंड वाकडं, हात खाली पडतोय, बोलणं अडखळतंय असं दिसलं की १०८, कारण मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आता खरा मुद्दा. ॲप अण्णांच्या मोबाईलमध्ये आहे, पण आमटीत तेल किती पडलं ते अण्णांना ठाऊक नाही, ते तुम्हाला ठाऊक. मग भरायचं ते तुमच्या मोबाईलवर. हेल्दीफायसारख्या आपल्याकडच्या ॲपमध्ये भाकरी, पोहे, थालीपीठ, आमटी सगळं सापडतं, नुसत्या परदेशी ॲपपेक्षा ते बरं पडतं, पण तिथली 'एक वाटी आमटी' आणि तुमच्या घरची एक वाटी आमटी यात फोडणीच्या एका पळीचा फरक असतो, आणि मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० कॅलरी. भाजीत घातलेलं दोन मोठे चमचे दाण्याचं कूट म्हणजे आणखी शंभरेक. हे ॲपला कधीच दिसत नाही.

म्हणून मी माझ्या पेशंटच्या घरी एक वेगळंच करायला लावते. मिठाचा पुडा फोडला त्या दिवशीची तारीख मोबाईलच्या नोट्समध्ये टाकायची, तेलाची पिशवी फोडली की तीही. जागतिक आरोग्य संघटना सांगते माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे घरात चौघं असतील तर १ किलोचा पुडा कमीत कमी ५० दिवस पुरला पाहिजे. तो महिन्याभरात संपत असेल तर प्रत्येकाच्या पोटात रोज ८ ग्रॅमच्या वर जातंय, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, बेकरीची खारी धरलेलीच नाही. तेलाचं तसंच, माणशी रोज २० ग्रॅम धरलं तर चौघांना महिन्याला अडीच लिटरच्या आसपास. घरटी पाच लिटरचा डबा महिन्यात उडतो असं सांगणारे मला दर आठवड्याला भेटतात आणि पुन्हा म्हणतात आम्ही तळलेलं खातच नाही हो! हा हिशोब अख्ख्या घराचा असतो, त्यात अण्णांचं ताट वेगळं काढून त्यांना पेशंट असल्यासारखं वाढायची गरज राहत नाही, आणि माझा अनुभव असा की चिडचिड निम्मी तिथेच कमी होते.

पोट भरायला काय द्यायचं, तर आमटी पाण्यासारखी नको, घट्ट वरण किंवा उसळ, अंडं चालत असेल तर अंडं, सायीशिवायचं दही, प्रत्येक जेवणात यातलं काहीतरी असू दे म्हणजे स्नायू टिकतील. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रोटीनचं प्रमाण विचारून ठरवा. भाकरी बंद करू नका, तीनच्या दोन करा. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, आणि काट्यावर चढताना बाजूला कुणीतरी उभं राहून धरा, काटा भिंतीजवळ ठेवा. तोल जात असेल तर काट्याचा नाद सोडा आणि पंधरा दिवसांनी टेपने कंबर मोजा, पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांची ८० च्या आत आणायची असते.

प्रश्न : माझे मिस्टर ५४ वर्षांचे, झटक्याला वर्ष झालं, उजवा पाय ओढत काठीने चालतात. मुलीने पावलं मोजायचं घड्याळ दिलं. अर्धा तास चालून आले तरी त्यावर ३००-४०० पावलं दिसतात, हे हिरमुसतात आणि म्हणतात आता जाणारच नाही. घड्याळ बिघडलंय का? — कोल्हापूर

उत्तर : घड्याळ बिघडलेलं नाही, ते तुमच्या मिस्टरांसारख्या चालीसाठी बनलेलंच नाही. हात पुढेमागे झुलला की ते पाऊल धरतं. हात काठीवर घट्ट असेल किंवा अशक्त हात अंगाशी चिकटून असेल तर झोका नाही, म्हणजे पाऊल नाही. चाल फार हळू असली तरी हेच. अशक्त हातावर बांधलं असेल तर बघायलाच नको. स्ट्रोकच्या पेशंटची पावलं मोजायची झाली तर चांगल्या पायाच्या घोट्यावर बांधलेलं यंत्र जास्त बरोबर मोजतं, अभ्यासांमध्ये तसंच करतात. पट्टा पुरत असेल तर करून बघा, पण फार घट्ट नको आणि जखम होत नाही ना ते बघा.

मला विचाराल तर पावलं सोडाच. मिनिटं मोजा. अमेरिकेतल्या हार्ट आणि स्ट्रोक असोसिएशनच्या २०२१ च्या सूचना आहेत, त्यात ज्याला जमतंय त्याने आठवड्यातून चार वेळा किमान १० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम करावा असं म्हटलंय, दहा हजार पावलांचं त्यात नावही नाही. तुमचे मिस्टर अर्धा तास चालतात म्हणजे ते कितीतरी पुढे आहेत! मोबाईलमधला साधा टायमर लावा, आणि इमारतीच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायला किती मिनिटं लागतात ते दर रविवारी लिहा. १४ ची १२ झाली तर ती त्यांची कमाई, आणि ते दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी ताडून बघावं लागत नाही.

मुलीला वाईट वाटू नये म्हणून हेही सांगते. २०१६ साली अमेरिकेत ४७१ तरुण जाडसर लोकांवरचा एक मोठा अभ्यास छापून आला, सगळ्यांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन होतं, त्यातल्या निम्म्यांना शिवाय हातात पट्टा दिला. दोन वर्षांनी पट्टा नसलेल्यांचं वजन ५.९ किलो उतरलं होतं आणि पट्टावाल्यांचं ३.५. हे लोक स्ट्रोकचे नव्हते, चांगले धडधाकट होते, तरी ही गत. तेव्हा घड्याळ वेळ बघायला, फोन उचलायला आणि गोळ्यांचा गजर लावायला ठेवा.

प्रश्न : मी मस्कतला असतो, आई-बाबा नाशिकला. आईला झटक्यानंतर उजव्या हाताने काही करता येत नाही आणि बोलताना शब्द सापडत नाहीत, पण समजतं बऱ्यापैकी. वजन वाढत चाललंय. बाबा ७२ वर्षांचे, त्यांना ॲप जमत नाही. मी इथून काय करू शकतो? नुसती फोनवरून मदत होते का?

उत्तर : दादा, तुमच्या आईला जे झालंय त्याला डॉक्टर अफेजिया म्हणतात. त्यात बोलणंच नाही तर वाचणं-लिहिणं पण अडतं, त्यामुळे यादीतून 'गव्हाची पोळी, मध्यम, १ नग' शोधून टिचकी मारायची हे त्यांच्याकडून होणार नाही आणि करायला लावूही नका, आधीच शब्द सापडत नाहीत त्यात मोबाईलपण परीक्षा घेतोय असं व्हायला नको.

तुमच्याकडे व्हॉट्सॲप आहेच. तिघांचा ग्रुप करा. बाबांनी जेवायच्या आधी ताटाचा एक फोटो टाकायचा, बस, बाकी काही लिहायचं नाही. बाबांना फोटो जमतो की नाही? नातवंडांचे फोटो फॉरवर्ड करतात ना, मग जमेल. तुम्ही मस्कतमध्ये बसून आठवड्यातून एकदा ते फोटो सलग बघा. एकेक फोटो बघून काही कळत नाही, पण सात दिवसांचे बघितले की लक्षात येतं, चार वाजताच्या चहाबरोबर रोज बिस्किटांचा अख्खा पुडा आहे, किंवा भात डोंगराएवढा आणि भाजी चिमूटभर आहे. मग एकच गोष्ट बदलायला सांगा, पाच नाही. आणि सांगताना बाबांना सांगा 'आपण सगळे', कारण स्वयंपाक आता बहुतेक तेच करत असणार किंवा डबा येत असणार. डबा येत असेल तर डबेवाल्या काकूंशी तुम्हीच बोला, तेल-मीठ कमी करून देतात, विचारायचा अवकाश असतो.

आईला सहभागी करायचं तर चित्रं वापरा. फ्रीजवर दोन फोटो चिकटवा, एक फळाचा एक फरसाणचा, तिने बोटाने दाखवायचं. डाव्या हाताने फोन वापरता येईल असा एका हाताचा मोड बहुतेक फोनमध्ये असतो, अक्षरं मोठी करता येतात, हे तुम्ही पुढच्या सुट्टीत आलात की बसून करून द्या. स्पीच थेरपी चालू आहे का? नसेल तर वजनाच्या आधी ती लावा, व्हिडिओ कॉलवरही होते.

याच्या उलटी गोष्ट डावी बाजू गेलेल्यांची, त्यांच्यासाठी इथेच लिहून टाकते. त्यातल्या काहींचं डावीकडे लक्षच जात नाही. ताटातला उजवा अर्धा खाऊन होतो, डावा तसाच राहतो, आणि घरच्यांना वाटतं भूक मेली. मोबाईलच्या स्क्रीनवरही डावीकडची बटणं त्यांना दिसत नाहीत. अशा माणसाच्या ताटाचा फोटो जेवणानंतरचा पण काढा, ताट अर्धं फिरवून द्या, आणि तो फोटो न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा, त्यांना तो फार उपयोगी पडतो.

फोनवरून मदत होते का असं तुम्ही शेवटी विचारलंय. भारतात 'स्प्रिंट इंडिया' नावाचा मोठा अभ्यास झाला, ३१ केंद्रं, चार हजारांवर पेशंट, १२ भाषांमध्ये एसएमएस, व्हिडिओ आणि एक पुस्तिका. २०२३ साली निकाल आला, वर्षभरात दुसऱ्या झटक्यांचं प्रमाण काही कमी झालं नाही, पण गोळ्या नियमित घेणं आणि दारू सोडणं हे मेसेजवाल्या गटात जास्त दिसलं. म्हणजे आठवण करून द्यायला फोन चांगला. तुमचा रोज रात्री आठचा कॉल 'गोळी घेतली का आई' एवढ्यासाठी असला तरी वाया जात नाही.

प्रश्न : कॅमेऱ्यावर बोट ठेवलं की बीपी सांगणारं ॲप आहे, ते वापरलं तर मशीनचे पैसे वाचतील का? — जळगाव

उत्तर : नाही, काढून टाका. अमेरिकेत असंच एक ॲप खूप विकलं गेलं होतं, जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा बीपी जास्त असलेल्या दहांपैकी जवळजवळ आठ जणांना त्याने सगळं ठीक आहे असं सांगितलं. दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या, चांगल्या बाजूच्या हातावर लावा, पाच मिनिटं शांत बसून, आणि आकडा ॲपमध्ये नाहीतर कॅलेंडरवर लिहा. स्ट्रोकनंतर बहुतेकांना १३०/८० च्या खाली ठेवायचं असतं, तुमचा आकडा तुमचे डॉक्टर सांगतील. वजन उतरत गेलं की बीपी पण उतरतं, मग चक्कर यायला लागते, तेव्हा आपल्या मनाने गोळी अर्धी करू नका, लिहिलेले आकडे घेऊन जा, डॉक्टर पाच मिनिटांत निर्णय देतात.

प्रश्न : मला हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे स्ट्रोक झाला, वॉरफरिन (रक्त पातळ करायची गोळी) चालू आहे. ॲपमधल्या कोचने रोज पालक-कोथिंबिरीचा हिरवा ज्यूस आणि लो सोडियम मीठ सांगितलंय. चालेल? — ठाणे

उत्तर : कोचला वॉरफरिनचं सांगितलं होतंत का? बहुतेक फॉर्ममध्ये तो रकानाच नसतो. पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं आणि ते वॉरफरिनच्या उलट काम करतं. पालेभाजी बंद करायची नाही, प्रमाण सारखं ठेवायचं, आठवड्यातून जितकी खात होतात तितकीच. अचानक रोज ग्लासभर ज्यूस सुरू केला की आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा) खाली येतो, गुठळीची भीती वाढते, आणि महिन्याने कंटाळून ज्यूस सोडला की आयएनआर वर जाऊन रक्तस्रावाची भीती. आहारात मोठा बदल करायचा तर आधी सांगा आणि आयएनआर लवकर तपासून घ्या. नव्या रक्त पातळ करायच्या गोळ्या, म्हणजे अपिक्साबान वगैरे, त्यांना हा पालेभाजीचा प्रश्न नसतो. तुमची गोळी बदलता येईल का ते विचारायला हरकत नाही, पण झडप बदललेली असेल किंवा झडपेचा जुना आजार असेल तर बऱ्याचदा वॉरफरिनच लागतं.

लो सोडियम मीठ वाईट नाही. चीनमधल्या खेड्यांत २१ हजारांच्या जवळपास लोकांवर, ज्यांना आधी स्ट्रोक झालेला किंवा वय ६० च्या वर आणि बीपी, त्यांच्यावर ते वापरून बघितलं आणि स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी झाले. पण त्यात पोटॅशियम असतं. किडनी अशक्त असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यातली कुठली गोळी चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयालाच धोका होऊ शकतो. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि पोटॅशियमचा रिपोर्ट दाखवून मगच पुडा आणा.

प्रश्न : मला चार महिन्यांपूर्वी झटका आला, वय ६६. वजन ७१ वरून ६२ वर आलं, मी मुद्दाम काहीच केलं नाही. ॲप दर आठवड्याला फुगे उडवून अभिनंदन करतं, लोक म्हणतात स्मार्ट दिसताय. पाणी पिताना ठसका लागतो तेवढं सोडलं तर ठीक आहे. — सातारा

उत्तर : काका, अजिबात ठीक नाहीये, याच आठवड्यात दाखवून या. न ठरवता ९ किलो जाणं ही कौतुकाची गोष्ट नव्हे, आणि ठसका ही त्याहून महत्त्वाची खूण आहे. झटक्यानंतर गिळायचे स्नायू अशक्त होतात, पाणी किंवा पातळ आमटी श्वासनलिकेत जाते, त्यातून न्यूमोनिया होतो. माणूस नकळत पातळ पदार्थ टाळायला लागतो, मग जेवणच टाळतो. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात. तोवर सरळ बसून, लहान घोट, टीव्ही बंद, जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. पाणी घट्ट करायची पावडर मिळते, पण किती घट्ट ते त्यांनीच ठरवायचं.

दुसरं, मन कसं आहे? स्ट्रोक झालेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं आणि आपल्याकडे त्याला 'जेवण जात नाही' एवढंच म्हणतात. शुगर, थायरॉइड पण बघतील. ॲपमध्ये टार्गेटच्या जागी 'वजन टिकवणे' निवडा म्हणजे फुगे थांबतील. किंवा सरळ काढून टाका, तुम्हाला त्याची गरज नाही.

प्रश्न : कोचवाला सहा महिन्यांचा पेड प्लॅन घ्यावा का? घरी आईसाठी. — पुणे

उत्तर : आधी महिनाभर फुकटचं वापरा. आठवड्यातले चार दिवस तरी भरलं गेलं तर पैशांचा विचार करा, नाही भरलं गेलं तर पैसे देऊनही भरलं जाणार नाही. घ्यायचाच झाला तर पैसे भरायच्या आधी कोचला तीन गोष्टी विचारा, स्ट्रोकचे पेशंट बघितलेत का, गोळ्यांची यादी मागता का, आणि आईच्या डॉक्टरांशी बोलाल का. तिन्हीला गोलगोल उत्तर आलं तर त्याच पैशांत गावातल्या आहारतज्ज्ञाच्या समोरासमोर दोन-तीन भेटी होतात. आणि यूपीआयवर ऑटोपे चालू आहे का ते बघा, फुकटची ट्रायल संपली की पैसे आपोआप जातात, मागच्याच महिन्यात तीन वाचकांनी हेच कळवलंय.